ओइवाला पत्ता माहीत आहे

आमच्या गावी पऱ्यावर एक साकव होता आणि साकवाच्या पलीकडे, बांबूच्या बेटाशी, एक अळवंतीण राहायची. बाळंतपणात गेलेली. पाय उलटे, टाचा पुढे. तिन्हीसांजेनंतर त्या वाटेने कोणी एकटा निघाला की मागून हाक मारायची, विडी पेटवायला काडी मागायची, आणि ज्याने वळून पाहिलं तो आठ दिवस तापाने फणफणायचा. हे सगळं आजीने सांगितलेलं, त्यामुळे शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. आजीला तिचं माहेरचं नावसुद्धा ठाऊक होतं. तिचा नवरा तर आम्हालाही ठाऊक होता, कारण वाडीतलं एकुलतं एक दुकान त्याचंच. लेमनच्या गोळ्या, घासलेट, पानतंबाखू. बायको गेल्यावर वर्षाच्या आत त्याने दुसरं लग्न केलं. रात्री दुकानाच्या फळ्या लावायचा, जेवायचा, झोपायचा. अळवंतीण त्याच्याकडे कधीच गेली नाही. शाळेच्या मास्तरांना तिने धरलं, एकदा पोस्टमनला धरलं, पण ज्या घरातून तिला बाहेर काढलं त्या घराचा उंबरा काही तिला सापडला नाही.

यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटलं ते परवा, साठीला टेकल्यावर, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, एका जुन्या जपानी सिनेमासमोर बसून.

सिनेमा १९५९चा. दिग्दर्शक नाकागावा नोबुओ. नाव ‘तोकाइदो योत्सुया काइदान’. काइदान म्हणजे भुताखेताची गोष्ट आणि योत्सुया हा जुन्या एदोतला, म्हणजे आजच्या तोक्योतला, एक भाग. लांबी अवघी ७६ मिनिटं. मुलाने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आणि तो आपल्या खोलीत गेला. बायको शेजारी बसून ओल्या शेंगा सोलत होती. बाहेर जुलैतला पाऊस. मी म्हटलं, बघू दहा मिनिटं.

हा सिनेमा ज्या स्टुडिओने काढला त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण मला ती आवडते. युद्धानंतर तोहो या बड्या स्टुडिओत संप पेटले, त्या भांडणातून काही मंडळी फुटली आणि १९४७मध्ये शिन्तोहो, म्हणजे ‘नवी तोहो’, उभी राहिली. १९५५मध्ये ती ओकुरा मित्सुगी नावाच्या गृहस्थाच्या हातात गेली. हा माणूस मूळचा बेन्शी. मूकपटाच्या काळात जपानी थिएटरांत पडद्याशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढत गोष्ट सांगणारे लोक असत, ते बेन्शी. बोलपट आल्यावर तो धंदा बसला आणि ओकुरा थिएटरमालक झाला. त्यामुळे लोक कशाला तिकीट काढतात हे त्याला समोरून दिसलेलं होतं. त्याचं धोरण सरळ होतं: कमी पैसा, थोडे दिवस, भडक विषय. आणि दर उन्हाळ्यात भुताचा सिनेमा.

तिकडे भुतांचा हंगाम उन्हाळ्यात येतो. एक तर ओबोन, पितर घरी येण्याचे दिवस, आपल्या पितृपक्षाचा लांबचा भाऊबंद. दुसरं कारण मला फार लोभस वाटतं: उकाड्यात भुताची गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो आणि तेवढाच गारवा. मूळ नाटकही उन्हाळ्यातलंच. त्सुरुया नाम्बोकु या नाटककाराचं हे काबुकी, म्हणजे तिकडच्या पारंपरिक रंगभूमीवरचं, नाटक १८२५मध्ये एदोच्या नाकामुरा-झा थिएटरात पहिल्यांदा झालं. ते एकटं झालं नाही. सत्तेचाळीस एकनिष्ठ सामुराईंच्या प्रसिद्ध सूडकथेचं नाटक आणि हे, अशी दोन्हींची सरमिसळ करून दोन दिवस प्रयोग चालायचा. तिकडे मालकासाठी प्राण देणारे सत्तेचाळीस जण, आणि त्याच मालकाच्या पदरचा एक फुटकळ, भुकेला, स्वार्थी नोकर इकडे. नाम्बोकुला त्या एकात रस होता.

तर इएमोन. मालक गेल्यामुळे रोनिन झालेला सामुराई. कमरेला तलवार आहे, घरात तांदूळ नाही. ओइवाशी लग्न व्हावं म्हणून तो तिच्या वडिलांच्या हातापाया पडतो, ते नकार देतात, अपमान करतात, आणि तो रस्त्यातच त्यांना कापतो. नाकागावाने ही सुरुवात एका लांबलचक शॉटमध्ये घेतली आहे. रात्र, रुंद पडदा, कॅमेरा हळूहळू माणसांबरोबर सरकतो, कट नाही. कमी पैशांच्या सिनेमात लांब शॉट म्हणजे जुगार असतो. शेवटी शेवटी कोणी अडखळलं तर सगळं पुन्हा. पण त्या न तुटणाऱ्या शॉटमुळे एक गोष्ट होते. लाचार माणूस आणि खुनी माणूस यांच्यामध्ये आपण एक रेघ धरून चाललेलो असतो, ती रेघ कुठे दिसतच नाही. छायालेखक निशिमोतो तादाशी. हा पुढे हाँगकाँगला गेला, चिनी नाव घेऊन तिथे काम केलं आणि ब्रूस लीने स्वतः दिग्दर्शित केलेला सिनेमाही त्यानेच टिपला. शिन्तोहोच्या भुतांपासून ब्रूस लीपर्यंत!

बापाचा खुनी अज्ञात दरोडेखोर आहे असं सांगून इएमोन ओइवाला एदोला आणतो. सूड घेण्याचं वचनही देतो. मूल होतं. तो छत्र्या तयार करून पोट भरतो, जुगार खेळतो, ती बाळंतपणातून उठलेली नाही. मग एका श्रीमंत घरच्या मुलीचं, ओउमेचं, त्याच्यावर मन बसतं. तिच्या बापाच्या ओळखीने पुन्हा नोकरी मिळेल, मान मिळेल. मध्ये अडचण एकच, घरातली बायको.

नाटकात त्या श्रीमंत घरातून ओइवासाठी बाळंतकाढा म्हणून विष येतं आणि ते विष आहे हे इएमोनला माहीत नसतं. नाकागावाने हे बदललं. सिनेमात इएमोनला सगळं ठाऊक आहे आणि तो स्वतःच्या हाताने ते औषध बायकोला देतो. बरेच दिवसांनी नवरा मऊ बोलतोय, काळजी करतोय, याने ती भारावून जाते. आभार मानते. अमाची शिगेरु हा नट इएमोन झाला आहे. त्याचा चेहरा देखणा आणि जरा उपाशी. ती पीत असताना तो तिच्याकडे बघत नाही. वाकासुगी या नटीची ओइवा मात्र त्याच्याचकडे बघते. पुढचा सगळा भयपट या दोन नजरांच्या हिशेबाचा आहे. एकाने बघायला हवं होतं तेव्हा बघितलं नाही, म्हणून आता त्याला दुसरं काही दिसतच नाही.

मग तो आरसा आणि फणी. चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा खाली ओघळलेला, आणि ती केस विंचरायला बसते. नाटकात हा प्रसंग फार मोठा आहे. तिला शेजाऱ्यांकडे जायचंय, नीटनेटकं दिसून जायचंय, म्हणून ती दात काळे करते, केसांतून फणी फिरवते, आणि केसांचे पुंजके हातात येतात, मुळांशी रक्त. तिच्या त्या फणीची गोष्टही वेगळीच आहे: आईकडून आलेली, बहिणीला द्यायची ठेवलेली, नंतर कालव्यात ईल मासे पकडणाऱ्याच्या हाती लागते. भीती वाटली ती मला फणीची. ज्या वस्तूने रोज सकाळी बाई आपला दिवस नीट करते, तीच.

पैसा नसला की भुताला राहायला घरातल्याच वस्तू लागतात. शिन्तोहोकडे मोठे देखावे उभारायला पैसे नव्हते, म्हणून नाकागावाची ओइवा फणीत आहे, किमोनोत आहे, दाराच्या फळीवर आहे. त्या फळीचं असं की तिला मारल्यावर इएमोन तिच्यावर घरी येणाऱ्या मालिशवाल्याशी बदफैलीचा आळ घेतो, त्यालाही मारतो, आणि दोघांची प्रेतं एकाच लाकडी फळीच्या दोन बाजूंना ठोकून पाण्यात सोडतो. काबुकीत हा हुकमी प्रसंग आहे. दोन्ही बाजूंची प्रेतं एकच नट करतो, फळी फिरली की क्षणात दुसरा चेहरा. दोनशे वर्षं प्रेक्षक ही युक्ती माहीत असूनही दचकतात.

आणि मच्छरदाणी. ही नाटकातली. घरात विकण्यासारखं काही उरलेलं नाही, इएमोन मच्छरदाणी ओढून गहाण टाकायला नेतो. ओइवा ती सोडत नाही, डासांनी बाळ झोपणार नाही म्हणून. तो हिसका देतो आणि तिची नखं मच्छरदाणीबरोबर निघून येतात. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्या माजघरात चार भिंतींना चार खिळे होते, आणि मच्छरदाणीच्या भोकांना आई पांढऱ्या दोऱ्याने शिवून शिवून गाठी मारायची. विष दिलं म्हणून मी इएमोनला एक वेळ नाटकातला दुष्ट म्हणून सोडून दिलं असतं. मच्छरदाणी नेली म्हणून नाही.

आता माझं.

मी रत्नागिरीत कॉलेजला होतो तेव्हा एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. का ते पुढे येईल. तीन वर्षं आम्ही एकाच एसटीने जा-ये केली. तिला बसमध्ये चढल्यावर वेणी सोडून पुन्हा घालायची सवय होती, खिडकीच्या वाऱ्याने केस विस्कटायचे म्हणून. रबरबँड दातांत धरून ती बोलायची, त्यामुळे अर्धे शब्द कळायचे नाहीत. मी नोकरीला पुण्यात आलो. इनलँड पत्रं सुरू झाली. ठरलेलं होतं असं मी म्हणणार नाही, पण दोघांच्याही मनात दुसरं काही नव्हतं. मग ऑफिसातल्याच एका वरिष्ठांच्या नात्यातलं स्थळ आलं. त्यांचे पुण्यात दोन फ्लॅट होते, आणि मी तेव्हा नारायण पेठेत तिघांत एक कॉट अशा खोलीत राहत होतो. तिचं शेवटचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं. त्यात एकच सरळ प्रश्न होता. दिवाळीला येणार आहेस का? नसशील तर तसं कळव, म्हणजे मी घरी सांगेन.

मी कळवलं नाही. रागावलो नाही, भांडलो नाही, खोटं बोललो नाही. फक्त उत्तर टाकलं नाही. त्यावेळी मला हा सगळ्यात सभ्य मार्ग वाटला. विष देताना इएमोन नजर वळवतो तेव्हा माझ्या पोटात जे हललं, ते त्या इनलँडचं होतं.

हो, तुलना मोठी आहे, ठाऊक आहे. माझ्या हातून कोणी मेलं नाही. ती आहे, सुखात आहे असं कानावर येतं, नातवंडं आहेत. तिला माझी आठवण यायचं काही कारण नाही. तरीही गेली तीसेक वर्षं पीएमटीत पुढच्या सीटवरची एखादी बाई रबरबँड दातांत धरते आणि माझा स्टॉप मागे पडतो. जिवंत, धडधाकट, कुठेतरी निवांत टीव्ही बघत बसलेल्या बाईचं भूत होऊ शकतं, हे आजीच्या शास्त्रात कुठे बसत नाही.

ओइवा इएमोनला हातही लावत नाही, हे दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं. गळा दाबत नाही, रक्त पीत नाही. लग्नाच्या रात्री तो ओउमेकडे बघतो आणि तिच्या जागी ओइवाचा सुजलेला चेहरा दिसतो. तो तलवार चालवतो. मरून पडते ती ओउमे. मग मेलेला मालिशवाला समोर येतो, तो पुन्हा वार करतो. पडतो तो सासरा. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांना तो स्वतःच संपवतो. तिचं काम इतकंच, त्याच्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही. त्याच वर्षी दाइएइ या बड्या स्टुडिओनेही हीच गोष्ट काढली होती, हासेगावा काझुओ हा मोठा स्टार घेऊन, आणि त्यांचा इएमोन बराच धुऊन स्वच्छ केलेला आहे. स्टारला शोभेल असा, परिस्थितीने फसलेला. शिन्तोहोला कोणाची इज्जत राखायची नव्हती. गंमत म्हणजे नाकागावाचा न धुतलेला इएमोनच शेवटी ओइवाची खरी माफी मागतो. उशीर झालेला असतो, पण त्याच्या आवाजात कुठेही सोंग नाही. सिनेमाच्या अखेरीस ओइवाचा चेहरा पूर्वीसारखा होतो, कडेवर मूल असतं. दोन वर्षांनी, १९६१मध्ये, स्टुडिओच बुडाला.

इथे मला आमची अळवंतीण आठवली. तीही बाळंतीण, हीसुद्धा. आमच्याकडच्या गोष्टीने तिला पऱ्याकाठी बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मागे लावलं. म्हणजे भीती सगळ्या गावाची झाली आणि नवरा सुटला. जपानी भुताचे पाय नसतात. किमोनो खाली विरत जातो. ही पद्धत मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातल्या चित्रकारापासून रूढ झाली म्हणतात. त्याची एक प्रेयसी होती, ओत्सुच्या गेइशाघरातली, लहान वयात गेली. एका रात्री तो जागा झाला तर ती उशापायथ्याशी उभी, कमरेखाली काहीच नाही, आणि त्याने उठून तसंच चित्र काढलं, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, त्या चित्रात कुठे वखवख नाही, सूड नाही. एक दमलेली बाई उभी आहे. उलटे पाय असलेली आमची बाई गावभर हिंडली पण घरी पोचली नाही. त्या दोघींना पायच नाहीत, आणि दोघी बरोब्बर त्या माणसाच्या अंथरुणापाशी आल्या. पत्ता माहीत असला की झालं.

तोक्योत योत्सुयाच्या सामोन-चो भागात ओइवाचं छोटं देऊळ आहे. निशी-सुगामोतल्या एका मंदिरात तिची समाधी आहे. देवळाची परंपरा सांगते की खरी ओइवा अगदी वेगळी होती, नवऱ्याशी गोडीने राहून गरिबीतलं घर वर काढणारी, म्हणून तर लोकांनी तिला देवळात बसवलं. नाटकवाल्याने तिचं नाव उचललं आणि तिचा चेहरा विद्रूप करून ठेवला. आजही नाटकात किंवा सिनेमात ही भूमिका करायच्या आधी नटमंडळी तिच्या दर्शनाला जातात. नाही गेलं तर अपघात होतात, असा समज आहे. मला त्यात अपघातापेक्षा दुसरं काही दिसतं. आपण एका बाईची गोष्ट तिला न विचारता आपल्या कामासाठी वापरतोय, तेव्हा निदान सांगून तरी यावं. मी इथे तेच करतोय आणि मला जायला देऊळ नाही. म्हणून नाव लिहिलं नाही.

सिनेमा संपला तेव्हा शेंगा सोलून झाल्या होत्या. बायको मध्येमध्ये बघत होती, मध्येमध्ये नाही असं मला वाटत होतं. टरफलं कागदात गोळा करताना म्हणाली, “अहो, पण त्या दुसरीचं काय चुकलं?”

मी म्हटलं, “कोणाचं?”

“ती नवी नवरी. तिला कुठे ठाऊक होतं घरी काय चाललंय ते. तिचं मात्र कोणी भूत केलं नाही.”

खरंच नाही केलं. नाम्बोकुने नाही, नाकागावानेही नाही. ओउमे दोन-चार दृश्यांत येते, लाजते, मरते आणि तिला कोणी विचारत नाही. मी इतका वेळ ओइवा आणि इएमोन यांच्यातच अडकलो होतो, आणि ओउमे माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. त्या मुलीबद्दल मी बायकोला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका वाक्यात सांगितलं होतं. ती “बरं” म्हणाली होती, आणि विषय तिथेच राहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो संपला.

ती स्वयंपाकघरात गेली, भांड्यांचा आवाज झाला, नळ बंद झाला. पदराला हात पुसत आत आली. गुडनाइटची वडी बदलली, बटण लावलं, लाल दिवा लागला.

“तिला तुम्ही शेवटी कळवलंत का?”

“नाही,” मी म्हटलं.

तिने दिवा घालवला.